बाटलीतले उरलेले ५९ टक्के

अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार आपण न टिकणाऱ्या गोष्टींसाठी वापरतो. फवारणी करणाऱ्याला मात्र तो शब्दशः छळतो. कोबी, कांदा, अळू अशा मेणचट पानांवर नुसतं पाणी मारलं की थेंब गोल होतो, घरंगळतो आणि मातीत जातो. त्यात कितीही जालीम औषध कालवलेलं असो, पानावर ते थांबलंच नाही तर किडीला फवारणी झाल्याचं कळणारसुद्धा नाही. म्हणून त्या पाण्यात साबणाच्या जातीचं काहीतरी घालतात. थेंबाचा ताठा मोडतो, तो चपटा होऊन पसरतो आणि पानाला धरून राहतो.

या साबणाच्या जातीच्या द्रव्याचं कायद्यातलं नाव आहे 'इनर्ट', म्हणजे निष्क्रिय घटक. आजचा विषय हाच. कीडनाशकाच्या बाटलीत कीड मारणारं रसायन सोडून जे जे काही असतं, ते पिकांवर आणि जनावरांवर मारायला परवानगी कोण देतं, कशाच्या आधारावर देतं, आणि त्याची नावं आपल्याला का कळत नाहीत? या प्रश्नांवर जुनी आणि तपशीलवार नियमांची चौकट अमेरिकेत आहे, म्हणून बराचसा लेख तिथल्या ईपीए, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेबद्दल आहे. युरोप मध्येमध्ये येईल, कारण तिथली तऱ्हा नेमकी उलटी आहे.

आधी या बाकीच्या मंडळींचं काम समजून घेऊ. कारखान्यातून निघणारं मूळ विष कधी मेणासारखं घट्ट, कधी तेलकट, कधी खड्यांसारखं असतं आणि पाण्यात विरघळायला बहुधा नाखूश असतं. शिवाय काही नवी औषधं एकरी काही ग्रॅमच लागतात. आता काही ग्रॅम पावडर एकरभर सारखी पसरवून दाखवा! त्यासाठी ते आधी एखाद्या द्रावकात विरघळवायचं, नाहीतर केओलिन किंवा बेंटोनाइटसारख्या मातीत मुरवायचं. तेलकट औषध पाण्यात मिसळावं म्हणून इमल्सिफायर घालायचं. पंपात औषध ओतल्यावर पाणी दुधासारखं पांढरं होतं ती त्याचीच करामत. फेस येऊ नये म्हणून एक, थंडीत गोठू नये म्हणून दुसरं, बाटलीत बुरशी धरू नये म्हणून तिसरं, बियाण्याला लावलेलं औषध ओळखू यावं म्हणून रंग. फवाऱ्याच्या डब्यात औषध बाहेर ढकलणारा वायू. उंदराच्या गोळीत तर धान्य आणि साखरसुद्धा 'निष्क्रिय घटक'च, कारण उंदीर मरतो तो विषाने, गोडाने नव्हे. जनावराच्या पाठीच्या कण्यावरून ओतायच्या गोचीडनाशकात तेलकट वाहक असतो; तो नसेल तर औषध ओतलं तिथेच बसेल, पोटाखालच्या गोचिडापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हणजे औषधाचा निम्मा गुण या मंडळींच्या जिवावर. तरी नाव निष्क्रिय.

एका शब्दाची गोष्ट

हा शब्द आला तो फसवणूक रोखायला. अमेरिकेत १९१० साली कीटकनाशकांचा पहिला केंद्रीय कायदा झाला. तेव्हा शेतकऱ्याची तक्रार विषाबद्दल नव्हती, भेसळीबद्दल होती: औषध म्हणून विकलेल्या पुड्यात निम्मा भुसा नाहीतर खडू. म्हणून कायद्याने सांगितलं की काम न करणारा माल किती टक्के आहे ते लेबलवर लिहा. 'इनर्ट'चा अर्थ त्या काळी साधा होता: ज्याचे पैसे देणं म्हणजे लुबाडलं जाणं, तो भाग.

पुढे १९४७ साली फिफ्रा हा कीटक, बुरशी आणि उंदीरनाशकांचा केंद्रीय कायदा आला. तोच अजून चालू आहे, अर्थात अनेकदा दुरुस्त होऊन. त्याची व्याख्या अशी: जो घटक कीड रोखतो, मारतो, पळवतो किंवा आटोक्यात आणतो तो सक्रिय, आणि जो सक्रिय नाही तो निष्क्रिय. झालं, एवढंच. माणसाला अपाय होतो का, मासे मरतात का, पाण्यात किती दिवस टिकतं, यातलं काहीही त्या व्याख्येत नाही. रसायन बाटलीत कशासाठी घातलं, एवढाच प्रश्न ती विचारते. त्यामुळे मजेशीर परिस्थिती होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल जंतुनाशकाच्या बाटलीत सक्रिय, आणि दुसऱ्या बाटलीत द्रावक म्हणून घातलं की निष्क्रिय. रेणू तोच, फक्त हुद्दा बदलला.

याहून गमतीचा नमुना म्हणजे सेफनर. तणनाशक मारताना तणाबरोबर पीकही जळू नये म्हणून हे घालतात. मक्यासाठी बेनॉक्सॅकॉर, गव्हासाठी क्लोक्विंटोसेट-मेक्सिल. ही रसायनं पिकाच्या पेशींमध्ये शिरून तिथली विष निकामी करणारी यंत्रणा जागी करतात. जिवंत वनस्पतीच्या आत एवढी उलाढाल करणारा पदार्थ अमेरिकी कायद्यात निष्क्रिय, कारण तो तण मारत नाही! याउलट पायपेरोनिल ब्युटॉक्साइड. ते स्वतः डास मारण्यात फारसं कामाचं नाही. किड्याच्या शरीरातली विष पचवणारी यंत्रणा बंद पाडून दुसऱ्या औषधाचं काम सोपं करतं. त्याची नोंदणी मात्र सक्रिय घटक म्हणून. तर्क शोधायला गेलात तर सापडतो, पण बराच वाकून.

सर्वसामान्य माणूस 'निष्क्रिय' वाचतो आणि 'निरुपद्रवी' समजतो. हे ईपीएलाही मान्य झालं. १९९७ साली त्यांनी कंपन्यांना सूचना काढली की लेबलवर 'निष्क्रिय घटक' ऐवजी 'इतर घटक' लिहिलं तरी चालेल. चालेल म्हटलं, लिहाच असं नाही. तेव्हापासून बऱ्याच बाटल्यांवर 'इतर' दिसतं. तणनाशकाच्या लेबलवरचं एक जुनं, प्रसिद्ध जोडपं घ्या: ग्लायफोसेटचा क्षार ४१ टक्के, इतर घटक ५९ टक्के. त्या ५९ मध्ये बहुतेक पाणीच. पण मूळ राउंडअपमध्ये सुमारे १५ टक्के पीओईए नावाचं सर्फॅक्टंट होतं. हे जनावरांच्या चरबीपासून बनवलेलं, साबणाच्याच कुळातलं. अमेरिकी मत्स्य-संशोधकांनी १९७९ साली दाखवलं की माशांना ग्लायफोसेटपेक्षा हे सर्फॅक्टंटच जास्त विषारी आहे. म्हणून पाण्यातल्या तणासाठी त्याच ग्लायफोसेटची वेगळी, पीओईए नसलेली बाटली विकली जाते. आता सांगा, या दोन बाटल्यांमधला फरक लेबलवरच्या 'इतर घटक' या ओळीतून कुणाला कळेल?

दोन प्रसंग

निष्क्रिय घटकांकडे सरकारचं लक्ष गेलं ते अपघातानेच. १९७४ च्या सुरुवातीला केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमधून बातमी आली की पीव्हीसी बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग झाला आहे. कारण निघालं व्हिनाइल क्लोराइड. आणि हाच वायू तेव्हा घरात मारायच्या काही कीटकनाशक फवाऱ्यांत, औषध बाहेर ढकलायला भरलेला असायचा. म्हणजे घरातल्या झुरळावर फवारा मारणारा माणूस झुरळनाशकाबद्दल सावध राहील, नाक दाबेल. पण ते औषध बाहेर ढकलणारा वायू कर्करोगकारक आहे याची त्याला कल्पनाही नाही. ईपीएने त्याच वर्षी तातडीचा आदेश काढून अशा घरगुती फवाऱ्यांची विक्री थांबवली.

दुसरा प्रसंग पूर्व कॅनडातला, आणि मला तो जास्त अस्वस्थ करणारा वाटतो, कारण तो कळायलाच दोन दशकं लागली. तिथल्या स्प्रूसच्या जंगलांवर कळ्या खाणाऱ्या अळीची मोठी टोळधाड असायची. १९७५ ते १९८५ या काळात विमानांतून मॅटासिल १.८डी नावाचं औषध फवारलं गेलं. त्यातलं अळी मारणारं रसायन अमिनोकार्ब. त्याला विरघळवणारं द्रव्य ४-नोनिलफिनॉल. फवारणीचा हंगाम वसंत ऋतूचा. नेमक्या याच आठवड्यांत अटलांटिक सॅल्मन माशांची पिल्लं गोड्या पाण्यातून समुद्रात जायची तयारी करत असतात. खारं पाणी सोसण्यासाठी त्यांच्या शरीरात संप्रेरकांचा मोठा खेळ चालू असतो. आणि नोनिलफिनॉल म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करणारं रसायन. पिल्लं नदीत मेली नाहीत. ती समुद्रात गेली, आणि त्यांतली कितीतरी परत आली नाहीत. मासेमारीच्या जुन्या नोंदी आणि फवारणीचे नकाशे शेजारी ठेवून संशोधकांनी १९९९ साली हे मांडलं. पडताळा कसा घेतला, तर त्याच अमिनोकार्बचं मॅटासिल १.८एफ हे दुसरं रूप होतं, ज्यात नोनिलफिनॉल नव्हतं. त्याच्या फवारणीचा सॅल्मनच्या घटीशी तसा मेळ बसला नाही.

अळीच्या औषधाची तपासणी झाली होती. द्रावकाची तशी झाली नव्हती.

ताटापर्यंतचा प्रवास

आता नियमांची यंत्रणा. अमेरिकेत दोन कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत. फिफ्राखाली बाटलीची नोंदणी होते. अन्न, औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम ४०८ खाली ताटात येणारे अवशेष बघितले जातात. दुसऱ्या कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे: 'कीडनाशक रसायन' या शब्दात निष्क्रिय घटकही येतात. म्हणजे धान्यावर, भाजीवर, दुधात एखाद्या निष्क्रिय घटकाचा अंश राहणार असेल तर त्यासाठी एकतर अवशेष-मर्यादा ठरलेली हवी, नाहीतर मर्यादेतून रीतसर सूट हवी. दोन्ही नसेल तर ते अन्न कायद्याच्या भाषेत भेसळयुक्त. सेफनरसारख्यांना आकड्यात मर्यादा असते. बाकी बहुतेकांना सूट मिळते.

'सूट' शब्दाने दचकू नका. तिचा अर्थ तपासणीतून सूट नव्हे. तपासणी करून आकडा ठरवायची गरज नाही असं ठरलं, एवढाच. सूट मिळालेल्या रसायनांचे तक्ते नियमसंहितेच्या ४० व्या खंडात, भाग १८० मध्ये आहेत, आणि त्यांचे क्रमांक या क्षेत्रातल्या माणसांना पाठ असतात. ९१० मध्ये पीक उभं असताना आणि काढणीनंतरही चालणारे पदार्थ. ९२० मध्ये फक्त उभ्या पिकावर चालणारे. ९३० मध्ये जनावरांवर चालणारे. या विभागणीमागचा विचार साधा पण नेमका आहे. उभ्या पिकावरचं औषध ऊन, पाऊस, वाढ यांत विरत जातं. कोठारातल्या धान्याला किंवा काढलेल्या फळाला लावलेलं तसं विरायला वेळच नसतो. ते ताटाच्या अगदी दारात असतं. म्हणून ९२० मधला पदार्थ काढणीनंतर लावायचा तर नव्याने सिद्ध करावं लागतं. जनावराच्या बाबतीत वाट आणखी वेगळी. कातडीवर ओतलेलं द्रव्य अंगात मुरतं, चरबीत साठतं, दुधात उतरतं, किंवा जनावर स्वतःला चाटतं तेव्हा पोटात जातं. तिथे मांस, दूध, अंडी यांचा हिशेब लागतो. पिकावर चालतं म्हणून गाईवर चालेल, असं नाही. काही नोंदींपुढे अट असते: बाटलीत अमुक टक्क्यांपेक्षा जास्त नको, अमुक कामासाठीच वापरा.

आणि एक साधी गोष्ट लोक विसरतात. कुत्र्यामांजरांवर लावायचं पिसवांचं औषध ९३० मध्ये असावंच लागतं असं नाही, कारण कुत्रं कुणी खात नाही. अवशेषाचा प्रश्नच उरत नाही. ते 'अन्नेतर' वापरात मोडतं आणि त्याची यादी वेगळी. अवशेषाचा प्रश्न नाही म्हणजे प्रश्नच नाही असं मात्र नव्हे. मानेवर थेंब टाकायच्या औषधांबद्दल २००८ या एका वर्षात अमेरिकेत ४४,००० हून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. बऱ्याच किरकोळ होत्या, खाज, लाली वगैरे. पण काही जनावरं दगावलीही. ईपीएने २००९ साली इशारा दिला आणि २०१० मध्ये लेबलं स्पष्ट करायला लावली, कारण लहान चणीच्या कुत्र्यांना जास्त त्रास होत असल्याचं दिसलं. मांजराची गोष्ट त्याहून नाजूक. त्याचं यकृत कित्येक रसायनं निकामी करण्यात कच्चं असतं. कुत्र्याला सोसणारं द्रव्य मांजराला सोसेलच असं नाही, मग ते सक्रिय असो वा निष्क्रिय. आणि शिवाय मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं.

एका सर्फॅक्टंटची परीक्षा

समजा एखाद्या कंपनीने नव्या सर्फॅक्टंटसाठी सूट मागितली. अर्ज आला की सूचना सरकारी राजपत्रात छापली जाते, लोकांना मत द्यायला वेळ मिळतो, निर्णयही तिथेच छापला जातो, आणि त्यानंतर ६० दिवसांत कुणालाही आक्षेप घेता येतो. मधला भाग विषशास्त्रज्ञांचा.

ते आधी प्राण्यांवरच्या चाचण्यांत असा डोस शोधतात ज्याला काहीच अपाय दिसला नाही. आकडे समजण्यापुरते मी घेतो: समजा तो डोस रोज किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम निघाला. प्राणी आणि माणूस वेगळे, म्हणून दहाने भागा. माणसामाणसांत फरक, म्हणून पुन्हा दहाने. राहिला किलोमागे १ मिलिग्रॅम. १९९६ च्या अन्न गुणवत्ता संरक्षण कायद्याने आणखी एक दहा आणला, तो लहान मुलांसाठी. भरवशाची माहिती असेल तरच तो कमी करता येतो. तो धरला तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळासाठी दिवसाला १ मिलिग्रॅम.

आता प्रश्न, बाळाच्या पोटात प्रत्यक्षात किती जाईल? इथे मला ईपीएची पद्धत मजेशीर वाटते. निष्क्रिय घटकांचे पिकावरचे अवशेष सहसा कुणी मोजलेलेच नसतात. मग ते असं धरतात की हा पदार्थ त्या पिकाच्या शंभर टक्के क्षेत्रावर मारला गेला, आणि सक्रिय रसायनांचे जे सर्वांत मोठे अवशेष सापडतात तेवढाच याचाही राहिला. पिण्याच्या पाण्यात दर अब्ज भागांत १०० भाग आहे असं धरतात, म्हणजे लिटरला १०० मायक्रोग्रॅम. बाळ लिटरभर पाणी प्यायलं तर ०.१ मिलिग्रॅम. मर्यादेचा दहावा हिस्सा एकट्या पाण्यातून गेला. वर अन्न, वर घरातल्या फवाऱ्याचा संपर्क. सगळी बेरीज मर्यादेत बसली तर 'अपाय होणार नाही याची वाजवी खात्री' आहे असा निष्कर्ष काढतात. ही शब्दरचना १९९६ च्या कायद्यातलीच.

माहिती नाही म्हणून सर्वांत वाईट शक्यता धरणं, हे प्रामाणिक आहे. हे मी कौतुकाने म्हणतोय. मोठ्या रेणूंच्या पॉलिमरना तर वेगळी सोपी वाट आहे: सरासरी रेणुभार १००० डाल्टनच्या वर असेल आणि इतर काही अटी पाळल्या तर धरून चालतात की आतड्यातून तो शोषलाच जाणार नाही. तेही पटण्यासारखं.

न पटणारी गोष्ट दुसरी आहे. हे सगळं एकेका रसायनाचं. पूर्ण बाटलीची, म्हणजे सक्रिय अधिक बाकी सगळ्यांच्या मिश्रणाची चाचणी होते ती अल्पकाळाची: गिळलं, कातडीला लागलं, हुंगलं, डोळ्यात गेलं, त्वचेची जळजळ झाली, त्वचेला ॲलर्जी आली. या सहापैकी पहिल्या पाच चाचण्यांवरून लेबलवर 'धोका', 'इशारा' की 'सावधान' ते ठरतं. कर्करोग, गर्भावरचा परिणाम, वर्षानुवर्षांचा संपर्क यांच्या लांबलचक चाचण्या मुख्यतः सक्रिय रसायनाच्याच. आणि शेतात कुणी सुटं सक्रिय रसायन फवारत नाही. सर्फॅक्टंटचं कामच मुळी विषाला पानाच्या कातडीतून आत नेणं आहे. ते आपल्या कातडीशी तेवढं अदबीने वागेल असं धरणं भाबडेपणाचं.

आणखी एक पळवाट. शेतकरी पंपात ऐनवेळी जे वेगळं स्टिकर किंवा स्प्रेडर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं किंवा पसरवणारं द्रव्य, मिसळतो, ते बाटलीतला घटक नसल्यामुळे ईपीए त्याची कीडनाशक म्हणून नोंदणी करत नाही. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन ही राज्यं स्वतःहून करतात. कॅलिफोर्नियात बदामाच्या बागा फुलतात तेव्हा परागीभवनासाठी देशभरातल्या मधमाश्यांच्या पेट्या तिथे येतात, आणि त्याच काळात सिलिकॉनयुक्त सर्फॅक्टंट घालून बुरशीनाशकं फवारली जातात. प्रयोगशाळेत या सर्फॅक्टंटमुळे मधमाशीची वास लक्षात ठेवायची क्षमता कमी झालेली दिसली आहे. फुलाचा वासच लक्षात राहत नसेल तर ती करणार काय?

झाडलोट, याद्या आणि गुपितं

१९८७ साली ईपीएने तेव्हा वापरात असलेल्या सुमारे १२०० निष्क्रिय पदार्थांच्या चार याद्या केल्या. पहिलीत विषारी ठरलेले पन्नासहून थोडे जास्त. दुसरीत संशयित. चौथीत निर्धोक वाटणारे. आणि तिसरीत, जी सर्वांत लांब होती, सुमारे ८०० पदार्थ, ज्यांच्याबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. पहिल्या यादीतला पदार्थ असेल तर लेबलवर नावासकट लिहायला लावलं. कंपन्यांनी बहुतेक ते पदार्थच काढून टाकले. नाव उघड करायची नुसती सक्ती केवढं काम करते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

१९९६ च्या कायद्याने दहा वर्षांत जुन्या सगळ्या सुटी पुन्हा तपासायला सांगितल्या, त्या २००६ पर्यंत तपासल्या गेल्या, आणि चार याद्यांची पद्धत मागे पडली. पण सेंद्रिय शेतीचे अमेरिकी नियम अजून त्यातल्या चौथ्या यादीकडेच बोट दाखवतात, तीही २००४ सालच्या आवृत्तीकडे. ती यादी ठेवणाऱ्या संस्थेने ती केव्हाच सोडून दिली आहे! २०२२ साली कृषी खात्याने यावर उपाय काय म्हणून लोकांना विचारायला सुरुवात केली.

मधल्या काळात झाडलोटही झाली. २०१६ च्या शेवटी ७२ पदार्थ मंजूर यादीतून काढले, २०२२ च्या डिसेंबरमध्ये पीफास कुळातले, म्हणजे सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांपैकी १२. बातम्या मोठ्या आल्या. बारकाईने वाचलं तर दोन्ही वेळी काढलेले पदार्थ तेव्हा कुठल्याच नोंदणीकृत औषधात वापरले जात नव्हते. रिकाम्या खोल्या झाडणं वाईट नाही, पण त्याला फार टाळ्या नकोत.

गुपितांचा मामला जास्त चिवट आहे. फिफ्रामध्ये निष्क्रिय घटकांची ओळख व्यापारी गुपित म्हणून राखायची तरतूद आहे, आणि असं गुपित ही मालमत्ता असू शकते हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली एका कीडनाशक कंपनीच्याच खटल्यात मान्य केलं. १९९६ साली एका पर्यावरण संघटनेच्या दाव्यात राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या जिल्हा न्यायालयाने सांगितलं की सरसकट सगळीच नावं गुपित धरता येणार नाहीत, प्रत्येक प्रकरण तपासावं लागेल. २००६ मध्ये अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी घातक निष्क्रिय घटक लेबलवर छापा अशी मागणी केली. २००९ मध्ये ईपीएने तसा नियम करायच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं आणि २०१४ मध्ये ते मागे घेतलं. कंपन्यांचा युक्तिवाद नेहमीचा: नावं फोडली तर प्रतिस्पर्धी नक्कल करेल. माझं मत विचाराल तर प्रतिस्पर्ध्याकडे बाटली विकत घ्यायला पैसे आहेत आणि ती फोडून बघायला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र, आहे. गुपित राहतं ते बाटली हाताळणाऱ्यापासून. त्यात विनोद असा की ज्या औषधांना ईपीए 'किमान जोखीम' म्हणून नोंदणीतूनच सूट देते, पुदिन्याचं तेल, लवंगतेल वगैरे, त्यांच्या लेबलवर प्रत्येक निष्क्रिय घटकाचं नाव छापायची सक्ती आहे.

युरोपचं सूत्र उलटं. अमेरिका म्हणते, यादीत आहे तेवढंच घाला. युरोपीय संघाने २००९ च्या नियमात म्हटलं, यादीत आहे ते घालू नका. ही नकारयादी वर्षानुवर्षं कोरी होती. २०२१ च्या मार्चमध्ये तिच्यात एकदम १४४ नोंदी आल्या. कागदावर अमेरिकी पद्धत कडक वाटते, कारण दार बंद असून किल्ली मागावी लागते. पण ठरावीक पदार्थ बाहेर काढायची वेळ येते तेव्हा युरोपचा हात जास्त चालतो. ग्लायफोसेटबरोबर पीओईए घालायला त्यांनी २०१६ साली मनाई केली. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट तर २००३ च्याच निर्देशाने कीडनाशकांतून आणि गाईम्हशींची धार काढताना सड बुडवायच्या द्रावणांतूनही बाहेर काढलं. अमेरिकेत ते अटींसह यादीत राहिलं.

मिश्रणाच्या चाचणीचा प्रश्नही युरोपातच न्यायालयापर्यंत गेला, आणि तोही विचित्र वाटेने. फ्रान्सच्या आरिएज भागात २०१६ साली काही कार्यकर्त्यांनी दुकानांत शिरून ग्लायफोसेटचे डबे खराब केले. खटला भरला मालमत्तेच्या नुकसानीचा. त्यांनी बचावात म्हटलं की मुळात या डब्यांना मिळालेली परवानगीच सदोष आहे. स्थानिक न्यायाधीशांनी तो प्रश्न थेट युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात न्यायालयाने नियम वैध ठरवला. पण त्याचबरोबर हेही सांगितलं की त्याच नियमानुसार औषधातल्या घटकांचे एकत्रित परिणाम बघणं आणि पूर्ण औषधाची दीर्घकालीन विषारीपणाची बाजू तपासणं बंधनकारकच आहे. म्हणजे कार्यकर्त्यांचा कायद्यावरचा हल्ला फसला, आणि त्यांना जे हवं होतं ते त्याच कायद्यात लिहिलेलं निघालं.

अमेरिकेत आज तुम्हाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर ईपीएच्या संकेतस्थळावर 'इनर्टफाइंडर' नावाची सोय आहे. रसायनाचं नाव किंवा त्याचा नोंदणी क्रमांक टाका. ते अन्नपिकावर चालतं का, काढणीनंतर चालतं का, जनावरावर चालतं का, कुठल्या अटीवर, हे सगळं काही क्षणांत समोर येतं. उलट्या बाजूने, म्हणजे बाटलीचं नाव टाकून आत काय आहे असं विचारायला तिथे चौकटच नाही.